विश्लेषण : जुन्या संगणकावर चालणारे सॉफ्टवेअर नव्यावर का अडते?

जरीपटक्यातील एखादे कापड दुकान डोळ्यांपुढे आणा. दिवाळीच्या तोंडावर काउंटरवर नवा संगणक आला, त्यावर तेच बिलिंग सॉफ्टवेअर बसवले आणि बिलच निघेना. जुन्या संगणकावर मात्र सगळे सुरळीत. प्रोग्रामर शपथेवर सांगतो, ‘मी कोडला हातही लावलेला नाही.’ तो खरे बोलत असू शकतो.

आजचे सॉफ्टवेअर इतरांनी लिहिलेल्या कितीतरी तयार पॅकेजवर उभे असते. कोणते पॅकेज आणि त्याची कोणती आवृत्ती हवी, हे एका फाइलमध्ये लिहितात. जावास्क्रिप्टमध्ये ‘^१.४.०’ लिहिले की १.४.० पासून २.०.० च्या आतली कोणतीही आवृत्ती चालते. संकेत असा की जुना कोड मोडणारा बदल केला तर पहिला आकडा वाढवायचा. पण तो संकेतच. पाळणे पॅकेज लिहिणाऱ्याच्या हातात.

जानेवारी २०२२ मध्ये ‘कलर्स’ या लोकप्रिय पॅकेजचे लेखक मराक स्क्वायर्स यांनी त्यात मुद्दाम न संपणारे चक्र घातले आणि आवृत्तीला आकडा दिला १.४.१. किरकोळ दुरुस्तीचा! पल्ला मोकळा ठेवलेल्यांकडे ती आपोआप पोहोचली. अॅमेझॉनचे क्लाउड डेव्हलपमेंट किटही त्यात अडकले.

मग एकच आवृत्ती पक्की करावी? महिनाभर आधीच ‘लॉगफोरजे’मध्ये गंभीर त्रुटी सापडली होती. २.१५.० ही दुरुस्ती अपुरी ठरली, मग २.१६.०, मग २.१७.०. ठरावीक आकडा लिहून ठेवलेल्यांना प्रत्येक वेळी तो हाताने बदलावा लागला.

माझ्या मते गल्लत होते ती इथे. इतर प्रोग्रामरांसाठी पॅकेज बनवणाऱ्याने पल्ला रुंद ठेवावा. खालची मर्यादा स्वतः तपासलेली असावी, वरची मात्र ठोस कारण असेल तरच घालावी. पायथनमध्ये एका वातावरणात एका पॅकेजची एकच आवृत्ती बसते. दोन पॅकेजनी तिसऱ्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांचा हट्ट धरला, की वापरणारा मधल्यामध्ये अडकतो.

दुकानात बसणाऱ्या सॉफ्टवेअरचे तसे नाही. तिथे लॉक फाइल हवीच. तपासलेल्या प्रत्येक पॅकेजचा नेमका आकडा तिच्यात असतो आणि नव्या संगणकावरही तेच उतरते. ती कोडसोबत जपायची असते. अनेक जण नेमकी तीच वगळतात. महिन्यातून एकदा आकडे वाढवावेत, चाचणी घ्यावी, नवी लॉक फाइल ठेवावी. फक्त धनत्रयोदशीच्या आठवड्यात नको.