चिठ्ठीवरचा पासवर्ड

वॉर्डात संगणक एक, वापरणारे दहा. पासवर्ड मात्र मॉनिटरवरच्या चिठ्ठीवर. मग एखाद्याचा एचआयव्ही अहवाल कोणी उघडला, हे कळणार कसे? २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ही माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक केले आहे. त्यात कोणी स्वतःच्या खात्याने ब्राउझर उघडून सिंक चालू ठेवले, तर घरचे बुकमार्क आणि बँकेचे पासवर्डही वॉर्डात उतरतात. दोष एकट्या परिचारिकेच्या माथी मारू नये. धावपळीत पाच प्रणालींचे पासवर्ड कोण लक्षात ठेवणार? रुग्णालयानेच प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन आणि पासवर्ड मॅनेजर द्यावा. कर्मचाऱ्यांनी सामायिक संगणकावर पासवर्ड साठवू नये, उठताना लॉगआउट करावे. हात धुण्यासारखीच ही सवयही रुग्णाच्या सुरक्षेसाठीच आहे.