उचल नाकारण्याचे बळ द्या



जून 2023 मध्ये धाराशिव जिल्ह्यात ढोकी पोलिसांनी विहिरी खोदणाऱ्या 11 मजुरांची सुटका केली. पळून जाऊ नयेत म्हणून रात्री त्यांना साखळदंडांनी बांधून ठेवले जात होते. एक जण निसटून पोलिसांपर्यंत पोहोचला, म्हणून बाकीचे वाचले. बातमी राज्यभर गाजली. असा सुटलेला मजूर पुढच्या हंगामात काय करतो, याची मात्र बातमी होत नाही.

वेठबिगारीचे मूळ बहुतेक वेळा उचलीत असते. घरातले आजारपण किंवा मुलीचे लग्न निघाले की ठेकेदाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत बायकापोरांसह वीटभट्टीवर नाहीतर उसाच्या फडात राबायचे. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने हे कर्ज रद्द होते. त्यापोटी पैसे स्वीकारणेही गुन्हा आहे. पण कर्ज गेले तरी गरज जात नाही. पावसाळा सरेपर्यंत किराणा दुकानातली उधारी वाढलेली असते आणि रोख रक्कम घेऊन दारात येतो तो मुकादमच.

‘ते स्वखुशीने परत जातात’ असे यावर सर्रास म्हटले जाते. भुकेपोटी किमान वेतनाहून कमी मजुरीत राबावे लागणे हीसुद्धा सक्तीच, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच एशियाड कामगारांच्या खटल्यात सांगितले आहे. कायदा करणाऱ्यांनाही हे कळत होते. म्हणून तर वेठबिगार कायद्याखालील दक्षता समितीत वित्तसंस्थेचा प्रतिनिधी असतो, आणि मुक्त मजुराला पुरेसे कर्ज मिळावे यासाठी बँका व सहकारी संस्थांशी समन्वय साधणे हे समितीचे काम आहे.

केंद्राच्या पुनर्वसन योजनेत पुरुषाला 1 लाख, महिला व बालकांना 2 लाख, अतिगंभीर प्रकरणांत 3 लाख रुपयांची तरतूद आहे. तातडीने मिळतात ते 30 हजारांपर्यंत. उरलेल्या रकमेची सांगड आरोपीच्या शिक्षेशी घातलेली आहे. खटला वर्षानुवर्षे चालतो, चूल तेवढी थांबत नाही. प्रथमदर्शनी वेठबिगारी सिद्ध होत असेल, तर निकालाअभावी प्रस्ताव अडवू नये, अशी मुभा योजनेतच आहे. ती जिल्हाधिकाऱ्यांनी वापरलीच पाहिजे.

वर्धा जिल्ह्याला पुनर्वसनाचे हे काम जड जाऊ नये. समाजाने टाकलेल्या कुष्ठरुग्णांसाठी मनोहर दिवाणांनी 1936 मध्ये दत्तपूरला काम सुरू केले, तेव्हा औषधाबरोबर निवारा आणि हाताला कामही दिले. तीच दृष्टी इथे हवी. सुटलेल्या प्रत्येक कुटुंबामागे किमान तीन वर्षे एक जबाबदार व्यक्ती नेमावी. तिने मुक्ती प्रमाणपत्र, आधार, रेशनकार्ड आणि बँक खाते मार्गी लावावे, मुलांची शाळा सुटू देऊ नये आणि उचल वाटली जाण्याआधी घरी जाऊन अडचण विचारावी. मारहाण, कोंडून ठेवणे सोसलेल्यांची झोप उडालेली असते. त्यांना सेवाग्रामच्या रुग्णालयात मानसोपचार मिळावेत. मगनवाडीतल्या ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेने त्यांना कामाचे प्रशिक्षण द्यावे.

वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट उपविभागांतील दक्षता समित्यांच्या बैठका कधी झाल्या, जिल्ह्याच्या 10 लाखांच्या पुनर्वसन निधीत किती रक्कम आहे, हे प्रशासनाने दरवर्षी जाहीर करावे. किती जण सोडवले एवढाच आकडा पुरेसा नाही. त्यांपैकी किती जणांना तिसऱ्या वर्षी उचल नाकारता आली, हेही त्यात सांगावे.

— एक नागरिक, वर्धा