डोहाळे बर्फाचे

गेल्या थंडीत आमच्या श्रूजबरीत एका मैत्रिणीच्या सुनेचं डोहाळजेवण झालं. बाहेर क्विन्सिगमंड तलाव गोठलेला, आणि आत उत्सवमूर्ती पेल्यातला बर्फ कडाकडा चावतेय! "डोहाळेच ते," म्हणून सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. घरी आल्यावर मात्र चुटपूट लागली. बर्फ, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं ही पुष्कळदा शरीरातलं लोह घटल्याची खूण असते. फोन करून तिला तपासणी करून घ्यायला लावली. हिमोग्लोबिन ११.२, म्हणजे ठीक; फेरिटिन मात्र अवघं ८! ते ३० च्या खाली गेलं की कमतरता धरतात.

हिमोग्लोबिन म्हणजे हातखर्चाचे पैसे, फेरिटिन म्हणजे बँकेतली शिल्लक. गरोदरपणात एकूण सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागतं. त्यातलं जवळजवळ निम्मं आईचं वाढतं रक्त घेतं, ३०० च्या आसपास बाळ आणि वार. आपली शिल्लक बहुधा ३०० च, शाकाहारी घरांत त्याहूनही कमी. शरीर आपल्या परीने सोय करतं: लोहाला आतड्यात अडवणारं हेप्सिडिन नावाचं द्रव्य या दिवसांत घटतं, त्यामुळे अन्नातलं लोह जास्त शोषलं जातं. जन्मानंतरच्या पहिल्या चार-सहा महिन्यांची शिदोरीही बाळ याच साठ्यातून बांधून घेतं. बाळंतपणात फार रक्त गेलं नाही, तर रक्तवाढीला लागलेलं बरंचसं लोह आईकडे परत जमा होतं.

पण सून तर रोज व्हिटॅमिन घेत होती! डबा पाहिला, तर चघळायच्या गोड गोळ्या. अशा गोळ्यांत बहुधा लोह नसतंच. इथे गरोदर बाईला रोज २७ मिलिग्रॅम लोह सांगतात. तेव्हा डब्यावरचं बारीक अक्षर वाचाच.

मग डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. आमची मैत्रीण सकाळच्या चहाबरोबर आठवणीने द्यायची! पुन्हा फोन. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी या साऱ्यांनी लोह कमी शोषलं जातं. मध्ये तास-दोन तास जाऊ द्यावेत. लिंबूपाणी चालेल. पालेभाजीवर, वरणावर लिंबू पिळायची आपली पद्धतही इथे कामाची, आणि आईने दिलेली लोखंडी कढई माळ्यावरून काढायला हरकत नाही.

पंधरा दिवसांत बर्फाची ओढ गेली. मग तिला कैरी हवीशी झाली. ऐन जानेवारीत, श्रूजबरीत!