झील कुठे गेली?

तुळजापुरात देवळाच्या वाटेवर हळदीकुंकू, कवड्यांच्या माळा आणि परड्यांच्या शेजारी देवीची गाणीही विकली गेली आहेत. आधी कॅसेट, मग सीडी, मग मेमरी कार्ड. आता मोबाइलवर ‘भवानीचा गोंधळ’ एवढं टाकलं की रांगच लागते आणि ऐकणारा सगळ्यात वर दिसेल ते लावून मोकळा होतो. वांगं घेताना कीड आहे का म्हणून चारदा फिरवून बघणारा हा माणूस इथे मात्र डोळे झाकून घेतो.

त्याने बघावी ती झील. गोंधळात नाईक ओळ टाकतो आणि मागचे साथीदार ती उचलून धरतात. ती झील, आणि धरणारे झीलकरी. संबळ, तुणतुणं, झांज आणि पेटती दिवटी एवढ्या भांडवलावर चार-पाच माणसं रात्र जागवतात. त्यातला एखादा आवाज किनरा असतो, एखादा बसलेला. तरी सगळे मिळून ओळीवर तुटून पडले की नाइकाला पुढे जायला बळ येतं. झील ढिली पडली तर कितीही गोड गळ्याचा नाईक एकटा पडतो.

बाजारातल्या बऱ्याच मुद्रणांत नेमकं हेच उणं असतं. दोन-तीन गळे पुन्हा पुन्हा एकमेकांवर चढवून ‘कोरस’ तयार होतो आणि संबळ कीबोर्डमधून येतं. सगळं सुरात, सगळं तालात, आणि एकाही आवाजाला घाम नाही.

त्यात वेळेची कात्री. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासात संपे. म्हणून मुद्रणात बहुतेक वेळा उरतं ते आवाहन, म्हणजे गावोगावच्या देवांना गोंधळाला बोलावणं. देव येऊन बसल्यावरचं आख्यान गायबच! आख्यानाची गोडी हवी असेल त्याने शाहीर विठ्ठल उमप यांचं ‘जांभूळ आख्यान’ शोधावं. ते रंगमंचावरचं, घोटून बसवलेलं आहे. पण कथा कशी चढत जाते ते त्यात कळतं. परभणीचे गोंधळी राजारामभाऊ कदम यांचं काही हाती लागलं तर मात्र आधी ते.

मागे किती गळे असावेत, हा प्रश्न एकट्या गोंधळाचा नाही. पाश्चात्त्य संगीतकार बाख यांच्या ‘बी मायनर मास’ या गायकवृंदाच्या रचनेत एका सुरावटीला एकच गायक पुरे, असं जोशुआ रिफ्किन यांनी १९८१ मध्ये मांडलं आणि पुढे तसं मुद्रणही केलं. मोठमोठ्या गायकवृंदांना सरावलेले रसिक खवळले होते. गोंधळ्यांनी तो वाद कधी घातला नाही. बिदागीत जितके बसतील तितके झीलकरी.

तेरला गोरोबाकाकांच्या समाधीपुढे भजन ऐकून आलेल्याची अडचण वेगळी. घरी येऊन तो भीमसेन जोशींचा अभंग लावतो. राम फाटकांनी अहिरभैरवात बांधलेला नामदेवांचा अभंग भीमसेनांनी गायला, त्याला तोड नाही. पण ती मैफल आहे. टाळ तिथे पाठीशी उभे राहतात, अंगावर येत नाहीत. भजनात टाळकरी चाल हिसकावून घेतात, पुढचा गाणारा क्षणभर बुडून जातो आणि पुन्हा वर येतो. तेरचं भजन घरी हवं असेल तर मुद्रणात हा बुडालेला क्षण आहे का, ते ऐकावं. एखाद्या साध्या भजनी मंडळाच्या खरखरीत मुद्रणात तो नामवंतांपेक्षा लवकर सापडतो.

नवरात्रात देवीची गाणी म्हणणाऱ्या आराध्यांचा मेळा बसला की हल्ली दहा हात मोबाइल घेऊन पुढे होतात, तेही थेट संबळापाशी. तिथे दर ठोक्याला फोन आवाज आवळतो आणि गाणं दबून जातं. मुद्रण करायचंच तर दहा पावलं मागे, झीलकऱ्यांच्या बाजूला बसावं. लेकराचं रडणं, मधेच कुणाचं खोकणं, नाइकाने मागितलेलं पाणी हे सगळं त्यात येईल. येऊ द्यावं.