बंदूक घरी आली

२०२४ सालच्या जून महिन्यात आमची बंदूक घरी आली. पोलीस ठाण्यातून! वाचकांचा गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो, गुन्हाबिन्हा काही नव्हता. लोकसभेची निवडणूक होती, एवढंच.

निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका जमा करण्याचे हुकूम निघतात आणि निकालानंतर आठवड्याने त्या परत मिळतात. त्या वर्षी १६ मार्चला आचारसंहिता लागली, गोव्यात ७ मे रोजी मतदान झालं, ४ जूनला निकाल लागला. पेडणे-डिचोलीकडच्या वाचकांना वेगळं सांगायला नको, हेच दिवस काजूचे. वायंगणीचं भातही तेव्हाच कापणीला येतं. दिवसा माकडं, रात्री डुकरं. २०१९ सालीही असंच झालं होतं. जमा केल्याची पावती खिशात घालत बाबा म्हणाले, "डुकरांक आचारसंहिता लागू ना!"

पिकाचं कारण सांगून सूट मागण्याचा अर्ज करता येतो. तो अर्ज लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी नोकरीमुळे डिचोलीला राहतो. परीक्षेचे पेपर तपासण्याच्या गडबडीत अर्ज राहून गेला. तेव्हा दोष द्यायचा तर दुसऱ्या कुणाला देऊ?

बंदूक तशी साधीच. एकनळी, बारा बोअरची, वजनाला हलकी. आजोबा ती घेऊन पारधीला जात. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला नि तो अध्याय संपला. २०१६ साली माकड, रानडुक्कर, गवा आणि चक्क मोरालाही उपद्रवी ठरवण्याचा विचार गोवा सरकारने मांडला होता, त्यावर केवढा गदारोळ झाला! बाबांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. "मारूक कोणाक जाय?" म्हणायचे. रात्री हवेत एक बार काढला की काम झालं.

पण आता बाबांनी सत्तरी ओलांडली आहे. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा त्याने पंचवीस वर्षं बंदूक बाळगली, की हयातीतच ती वारसाकडे देता येते. इतर वारसांची हरकत मात्र नसावी लागते. बंदूक पुसता पुसता बाबांनी विचारलं, "तुझ्या नावार करुंया?"

मला उत्तर सुचेना. वर्गात कविता शिकवणारा माणूस मी. फ्लॅटमध्ये बंदूक ठेवू कुठे? सावंतवाडीच्या ताईला फोन केला. ती म्हणाली, "सही मी आजच करते. पण राखणीला कोण बसणार, ते आधी सांग."

हा प्रश्न मला बंदुकीपेक्षा जड वाटला. कारण ठाण्यातून बंदूक परत आली, तरी घरातून गेलेली माणसं कुठे परत आली होती? बाबा एकटेच तर जागत होते.

अर्ज दिला. पुढच्या मार्चपासून शनिवार-रविवार गावी जाऊ लागलो. परवाना बाबांच्याच नावावर, त्यामुळे बंदुकीला हात लावायचा प्रश्न नव्हता. पहिल्या रात्री काजूच्या बागेत खसखस झाली, तेव्हा मी बॅटरी पेटवून पत्र्याचा डबा जोरजोराने बडवला. डुकरं पळाली.

मागे वळून पाहिलं, तर बाबा बंदूक कोपऱ्यात तशीच ठेवून पायरीवर गाढ झोपले होते. कित्येक वर्षांनी, काजूच्या दिवसांत.