दोन हजारांतून बारा

छायाचित्रणाचा छंद ज्यांस जडतो, त्यांच्या वाट्यास वर्षाअखेर निवडीचे अवघड काम येते. गतवर्षी इंदुरात काढलेली सुमारे दोन हजार छायाचित्रे आम्ही चाळली व अवघी बारा राखली.

वाचकांस वाटेल, राजवाड्यास पहिला मान मिळाला असेल. खालचे तीन मजले दगडी व वरचे चार लाकडी, ही त्याची घडण तिरप्या उन्हात खरोखर खुलते. पण ते चित्र येथे येणारा प्रत्येक प्रवासी काढतोच! आमच्या मते पहिला मान सराफ्यातील एका रात्रीचा. सराफ दुकानास कुलूप लावीत आहे आणि त्याच्याच पायरीपाशी भुट्ट्याच्या किसाची कढई चुलीवर चढते आहे. एकाच जागेवरील दोन संसार त्या क्षणी एकत्र सापडले.

राजा दीनदयाळ यांनी १८७०च्या दशकात याच इंदुरात, सरकारी बांधकाम खात्यात असताना, छायाचित्रणास आरंभ केला. तेव्हा प्रत्येक चित्रास काचेची एक प्लेट खर्ची पडे. साहजिकच निवड आधी होई. आता ती मागाहून होते, आणि पुष्कळदा होतच नाही.

म्हणून ती बारा चित्रे आम्ही कागदावर उतरवून घेतली व पाठीवर स्थळ, दिनांक, माणसांची नावे लिहिली. जुन्या अल्बमातील ‘या डावीकडच्या कोण?’ हा प्रश्न घरोघरी निघतो, तेव्हा सांगणारी आजी बहुधा राहिलेली नसते.

तेरावे चित्र घ्यावे काय, यावर मात्र घरात अद्याप एकमत नाही.