विश्लेषण : युद्ध युक्रेनमध्ये, मग बाळकुममध्ये गॅस का महागला?

ठाण्यात बाळकुमच्या इमारतींत पाइपने येणारा गॅस आणि तिथल्या रिक्षांतला सीएनजी ‘महानगर गॅस’चा. १ एप्रिल २०२२ रोजी राज्याने व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला, सीएनजी किलोला ६० रुपये झाला. नोव्हेंबरात तो ८९ रुपये ५० पैशांवर गेला. घरगुती गॅसही घनमीटरला ३६ वरून ५४ रुपये झाला.

गॅस देशातलाच, तरीही?

या दोन्ही वापरांना देशात निघणारा गॅस प्राधान्याने मिळतो. मुंबई हायचा गॅस उरणला उतरतो, म्हणजे खाडीपलीकडेच. पण २०१४च्या सूत्रानुसार त्याचा दर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि रशियातल्या दरांवरून ठरे. त्यामुळे दशलक्ष बीटीयूमागे २.९० डॉलर असलेला दर एप्रिल २०२२ मध्ये ६.१० आणि ऑक्टोबरात ८.५७ डॉलर झाला. एप्रिलची वाढ मात्र थेट युद्धाची नव्हे, ती २०२१च्या दरांची. युरोपला मिळणारा रशियन गॅस तेव्हाच आटू लागला होता. युद्धाचा फटका ऑक्टोबरच्या दरात दिसला.

आयातीचे काय झाले?

देशी गॅस पुरत नसल्याने एलएनजी मिसळावा लागतो. ‘गेल’चा रशियाच्या गाझप्रॉमशी २० वर्षांचा, वर्षाला सुमारे २५ लाख टनांचा करार होता. तो गाझप्रॉमच्या जर्मन उपकंपनीकडे होता. युद्धानंतर जर्मनीने ती कंपनी ताब्यात घेतली आणि भारताची जहाजे थांबली. करार कागदावर शाबूत होता, गॅस येत नव्हता!

मग उपाय?

एप्रिल २०२३ मध्ये किरीट पारीख समितीच्या शिफारशीनंतर देशी गॅसचा दर कच्च्या तेलाच्या १० टक्क्यांशी जोडून ६.५० डॉलरची कमाल मर्यादा घातली गेली. सीएनजी ७९ रुपयांवर आला. निर्णय योग्यच, पण मर्यादा दराला आहे. जुन्या क्षेत्रांतले उत्पादन घटत असल्याने २०२४च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शहर गॅस कंपन्यांचा हा कोटा दोनदा कापला गेला. ती तूट महाग गॅसनेच भरावी लागते. कतार हा भारताचा सर्वांत मोठा एलएनजी पुरवठादार आणि त्याची जहाजे होर्मुझच्या सामुद्रधुनीतूनच येतात.

कच्च्या तेलासाठी विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर येथे ५३.३ लाख टनांची भूमिगत साठवण आहे. गॅससाठी तशी सोय नाही. सिलिंडर परत करून पाइप घेतलेल्या घरात दुसरी टाकीही नसते.